माझ्या पोटातल्या अळ्या खारवल्या त्याची गोष्ट

मित्रांनो, माझ्या झाकणावर जरा हात ठेवा. गार लागलं ना? ह्यापलीकडे मलाही फारसं काही लागत नाही. मी डीप फ्रीझर आहे. जुना, आडवा. एके काळी पांढरा होतो, आता पिवळट पडलोय. वरची काच एका कोपऱ्यात तडकलीय, तिला खाकी चिकटपट्टी मारलेली आहे. पेणच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, बेसिनच्या शेजारी मी असतो. विद्यार्थी माझ्यावर दप्तरं टाकतात, शिपाई माझ्यावर चहाचे कप ठेवतात. वाईट वाटायला हवं, पण उणे वीसला वाईट वाटत नाही. निघालेलं दुःख वाटेतच गोठतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मागच्या पत्र्यावर लिहिलं होतं. तो पत्रा गुणाजीनं काढला आणि वडे तळायच्या चुलीला आडोसा केला. म्हणून मला जन्मगाव सांगता येत नाही. गुणाजी म्हणजे माझा पहिला मालक. कोलाडला हायवेच्या कडेला त्याचं जेवणाचं हॉटेल होतं. तिथं माझ्या पोटात कोंबडी, कोलंबी, बोंबील आणि आइस्क्रीम गुण्यागोविंदानं राहायचे. आइस्क्रीमला बोंबलाचा वास यायचा. एकदा एका पाहुण्यानं तक्रार केली, तेव्हा गुणाजीनं त्याला शांतपणे सांगितलं की कोकणात आलात, कोकणाची चव नको का? त्या माणसानं दुसरा कप मागवला. दसऱ्याला गुणाजी मला झेंडूचा हार घालायचा, माझ्या मोटरीला हळदकुंकू लावायचा. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मग हायवे रुंद करायचं ठरलं. त्यात गुणाजीचं हॉटेल गेलं. रस्ता अजून व्हायचा आहे. मी गोठ्यामागच्या पडवीत जाऊन पडलो. गुणाजीच्या कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. त्या दिवसांत मला ऊब मिळाली असणार, पण इतके दिवस बंद राहिल्यावर शुद्धच उरत नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही.

तिथून मला बाहेर काढलं गुणाजीच्या भाचीनं. तिचं नाव ऋतुजा. रोह्याकडच्या भातवाल्या घरातली पोरगी, पेणच्या कॉलेजात किड्यांवर संशोधन करत होती. तिला हवा होता मोठा, उणे ऐंशीचा फ्रीझर. त्याचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर होता आणि ती वाट आमच्या हायवेसारखीच होती. मग तिनं मामाला विचारलं, कोंबड्या हाकलल्या, मला टेम्पोत घातलं. पेणला आल्यावर तिनं मला गरम पाण्यानं आणि साबणानं आतून घासलं. तरी बोंबलाचा वास पुरता गेला नाही. तो माझ्या स्वभावातच मुरलाय.

आता कामाचं सांगतो. भाताच्या खोडात एक अळी शिरते. खोडकिडा म्हणतात तिला. ती खोड आतून पोखरते, मग लोंबी बाहेर येते ती पांढरीफटक, आत दाणाच नसतो. शेतकरी औषध फवारतो. काही ठिकाणी अळी मरते आणि काही ठिकाणी औषध पिऊन आणखी ताजीतवानी होते. असं का होतं, ते अळीच्या अंगातल्या डीएनएत लिहिलेलं असतं. ऋतुजाला अळी चुरडून त्यातून डीएनए काढायचा होता आणि तो पुण्याच्या मशीनवर वाचून आणायचा होता. त्यातून कळतं की कुठली अळी कुठल्या घराण्यातली आणि कुठल्या घराण्याला औषध बाधत नाही.

हे काम सोपं असतं, मित्रांनो, जर मधे माणसं नसती तर. पेणच्या खारेपाटातले, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतले शेतकरी म्हणायचे, ही कीड रोह्याकडून आली, पेंढ्याच्या ट्रकांतून. रोह्याकडचे म्हणायचे, खाऱ्या पाण्यावरचं किडं मुळातच निबर, ते खारेपाटातून वर चढलं. ऋतुजा डीएनए बघते हे कळल्यावर दोन्हीकडच्यांना वाटलं की आता कोर्टासारखा निकाल लागणार आणि अळीच्या बापाचं नाव सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. दिवाळीनंतर कॉलेजात बैठक ठरली.

निकाल सगळ्यांना हवा होता, अळी मात्र कुणीच द्यायला तयार नव्हतं. ऋतुजा कुठल्याही गावात गेली की उत्तर ठरलेलं: आमच्यात नाय, पलीकडं बघा. समोर लोंब्या पांढऱ्या दिसत असायच्या. मग ती बांधावर फुलपाखरांचे फोटो काढल्यासारखं करायची आणि हळूच वाकून खोडं चिरायची. कितीतरी हंगाम ती अशी अळ्या चोरत फिरली. एकेका अळीला एकेक नळी, नळीवर मार्करनं गावाचं नाव आणि सगळ्या नळ्या माझ्या पोटात. तिची पदवी त्याच नळ्यांत होती. शिष्यवृत्ती संपत आली होती, पुढचा हंगाम मिळणार नव्हता. अळ्या वितळून कुजल्या, तर ऋतुजाला पाटी पुसून घरी जावं लागलं असतं.

आणि अशा वेळी आमच्या कॉलेजात वीज बचत सप्ताह आला.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याचं उद्घाटन होतं. दीप लावणं जुनं झालं, म्हणून प्राचार्यांनी कृतीतून संदेश द्यायचं ठरवलं. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कॉलेजचा मेन स्विच खाली ओढण्यात आला. पंखे थांबले, दिवे गेले, टाळ्या वाजल्या. पाहुण्यांचं भाषण माइकशिवाय झालं, मागच्या रांगांना ऐकू आलं नाही आणि ते सगळ्यांना फार आवडलं. मग कुणी घाईघाईनं सप्ताह मोडू नये म्हणून प्राचार्यांनी मीटरच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि ते साताऱ्याकडे आपल्या गावी गेले. कॉलेज रिकामं झालं. ऋतुजा त्या वेळी पुण्याला मशीनचा नंबर लावायला गेली होती. मी आत आहे आणि माझ्या आत अळ्या आहेत, हे कुणाच्याही मनात आलं नाही. वाचलेल्या विजेत माझी वीज सगळ्यात जास्त होती, असं पुढे अहवालात आलं म्हणे.

थंडी उतरायला लागली. आधी माझ्या कडांना गुदगुल्या झाल्या. मग पोटात पाणी खळखळायला लागलं. मग एकदम, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला भीती वाटली. मित्रांनो, काहीतरी वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथा आला. नाथा म्हणजे आमचा शिपाई, सगळी पोरं त्याला मामा म्हणतात. खारेपाटातला माणूस, घरचं मिठागर. तो सुट्टीतही झाडलोट करायला यायचा. त्याला फरशीवर पाणी दिसलं. बेसिन गळतंय समजून त्यानं पुसलं. पुन्हा पाणी आलं. पुन्हा पुसलं. मग त्यानं माझं झाकण उचललं आणि थोडा वेळ आत नुसता बघत राहिला. कुलूप फोडायचा विचार त्यानं केला, पण प्राचार्यांचं कुलूप फोडणं म्हणजे स्वतःची नोकरी फोडणं. प्राचार्यांचा फोन लागेना. मग त्यानं ऋतुजाला लावला आणि आवाज मोठा करून फोन माझ्या काचेवर ठेवला.

"ऋतुजाताय, तुजा फ्रीज रडतंय गो," तो म्हणाला.

 मग तिनं काय झालं, कसं झालं, सगळं विचारून घेतलं. ती निघणार होती, पण दिवाळीची गर्दी, एसटीत पाय ठेवायला जागा नाही, उद्या दुपारच्या आधी काही पोचत नाही.

"मामा," ती म्हणाली, "काय वाट्टेल ते करा, पण एकही कुजू देऊ नका."

"नाय कुजू देत. मी हाय ना," नाथा म्हणाला, आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली.

आता तुम्ही म्हणाल, बर्फ आणायचा. नाथाच्याही ते मनात आलं. त्यानं माझ्या काठावर हात टेकून मला समजावून सांगितलं. आम्ही दोघंच असलो की तो माझ्याशी बोलतो.

"बर्फ म्हंजे आजची मासली," तो म्हणाला. "पावसाल्याला ठेवायची ती मिठातच."

तो घरी गेला आणि मिठागरावरचं मीठ घेऊन आला, जाडं, शुभ्र, पोतंभर. त्यानं प्रत्येक नळी उघडली. प्रत्येक अळी चिमटीत धरून बाहेर काढली, मिठात घोळवली. त्यांतल्या एकीलाही इजा होऊ दिली नाही. सुकट करणाऱ्या बायका जवळा हाताळतात तसा त्याचा हात चालत होता. मग त्यानं प्रयोगशाळेसमोरच्या अंगणात चटई अंथरली, त्यावर अळ्या पसरल्या आणि वरून जुनं मासे धरायचं जाळं टाकलं, कावळे येऊ नयेत म्हणून. कावळे आलेच. नाथा छत्री घेऊन दिवसभर उन्हात बसला आणि एकेका कावळ्याला नावानं शिव्या देत राहिला. दारातून मला सगळं दिसत होतं. माझं पोट रिकामं होतं आणि मी कोमट होत चाललो होतो.

संध्याकाळी वाळलेल्या अळ्या त्यानं नीट निवडल्या. मासळी निवडतात तशाच: मोठ्या एका ताटात, मधल्या एका ताटात, बारक्या एका ताटात. आणि मालकिणीनं येऊन नावं ठेवू नयेत म्हणून रिकाम्या नळ्या साबणाच्या पाण्यात घासून, खळबळून, लख्ख करून उपड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजा आली. आल्या आल्या तिनं बागकामाच्या कुदळीनं मीटरच्या खोलीचं कुलूप फोडलं. मी थरथरलो, घरघरलो, सुरू झालो. रिकाम्या पोटानं. मग नाथानं तिला हाताला धरून ताटांपाशी नेलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघ गो, येकपन कुजली नाय."

ती स्टुलावर बसली. तिनं एक अळी उचलली. सुकी, खारट, काडीसारखी कडक. तिनं तिचा वास घेतला, परत ठेवली. मला वाटलं, ओरडेल. पण तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मामा, ह्यातल्या रोह्याकडच्या कुठल्या?"

"ह्या मोठ्या, ह्या मधल्या, ह्या बारक्या," नाथानं सांगितलं.

"मोठ्या-बारक्या नाही विचारत. गाव विचारतेय. नळीवर गाव लिहिलं होतं."

नाथानं नळ्यांकडे बघितलं. त्या उन्हात चमकत होत्या. त्यानं पुन्हा ताटांकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. 

"अगो," तो म्हणाला, "अलीला गाव असतंय?"

 हाच प्रश्न घेऊन ऋतुजा एवढे हंगाम बांधाबांधावर वाकली होती. त्याचं उत्तर नळ्यांवरच्या शाईत होतं, आणि ती शाई बेसिनमधून पेणच्या गटारात गेली होती. नाथानं घरून आणलेल्या चकल्या तिच्यापुढे ठेवल्या. तिनं एकेक करून सगळ्या खाल्ल्या. रडली नाही, रागावली नाही. डबा संपल्यावर तिनं झाकण लावलं. मी ओळखलं, हीसुद्धा आता उणे वीसवर आली.

नाथा दिवसभर तिच्या आसपास घोटाळत राहिला. काय चुकलं ते त्याला कळलं होतं, पण ते कसं उलटं फिरवायचं ते कळत नव्हतं. म्हणून त्यानं फरशी पुन्हा पुसली.

ताटांतल्या थोड्या अळ्या तिनं चुरडून बघितल्या. डीएनए तुकड्या-तुकड्यांत का होईना, हाती लागला. पुण्याहून वाचून आला. दोन घराणी निघाली. एक औषधानं मरणारं आणि एक औषधाला जुमानत नाही असं. पण कुठलं घराणं कुठे नांदतं ते सांगायला कोणी नव्हतं. तिच्या पुण्याच्या सरांनी फोनवर एवढंच म्हटलं की गावाशिवाय नमुना म्हणजे सुकट.

प्राचार्य गावाहून आले. तुटलेल्या कुलपाबद्दल त्यांनी आधी खेद व्यक्त केला, मग सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मते अडचण काहीच नव्हती. अर्ध्या नळ्यांवर ह्यांची गावं लिहायची, अर्ध्यांवर त्यांची, बैठक पार पाडायची. अळ्या काही उठून तक्रार करणार नाहीत. ते गेल्यावर ऋतुजा माझ्या झाकणावर कोपर टेकून उभी राहिली. तिच्या एका हातात मार्कर होता, दुसऱ्या हातात रिकामी नळी. तिनं मार्करचं टोपण काढलं. मार्कर नळीला टेकला. मग तिनं टोपण परत लावलं आणि मार्कर खणात टाकून दिला. मला जाणवलं काही? नाही. मी पुन्हा गार झालो होतो. पण मी बघत होतो.

बैठकीला दोन्हीकडची माणसं आली. रोह्याकडून काळुराम, आवाज मोठा, चष्मा दोरीला बांधलेला. खारेपाटातून हरेश, तो शेती करून डोलवीला कंपनीत कंत्राटावर कामाला जायचा, आणि त्याची चुलती गोदूबाई, जी कधी कुठल्या बैठकीत बोलत नसे. ऋतुजानं उभं राहून जे झालं ते सरळ सांगितलं. दोन घराणी सापडलीत, एकाला औषध चालत नाही, पण कुठलं कुठल्या बाजूचं ते आता सांगता येत नाही. नाथाचं नाव तिनं घेतलं नाही. नाथा दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली.

 मग काळुराम उठला, त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मोठ्या अळ्यांच्या ताटावर वाकला.

"ह्याला मशीन कशाला पायजे?" तो म्हणाला. "ही बघा, कशी भरलेली. ही आमच्या कुंडलिका नदीच्या पाण्यावरची. खारेपाटात अशी पोसंल व्हय?"

हरेश ताडकन उठला. "काय बोलतंव काका? तुमच्याकडं तिला खायाला हाय काय? खाऱ्या भाताची चव लागली की असं अंग भरतंय. ही आमचीच."

मग जुंपली. रोह्याकडच्यांनी एक अळी उचलून दाखवली, खारेपाटातल्यांनी तिच्यापेक्षा मोठी शोधली. कुणीतरी विद्यार्थ्याची पट्टी आणून माप घ्यायला लागलं. कुणी म्हणालं, सुकल्यावर ही एवढी, तर ओली असताना केवढी असेल. कुणी म्हणालं, ह्या ज्या बारक्या दिसतायत ना, त्या पलीकडच्या. प्राचार्यांनी ह्या निकोप स्पर्धेबद्दल दोन्ही बाजूंचं अभिनंदन करायला तोंड उघडलं होतं.

"म्हंजे दोघांकडं पन हाय म्हनायची," गोदूबाई म्हणाली.

हरेशच्या चिमटीतली अळी तशीच राहिली. काळुरामनं चष्मा काढला.

गोदूबाईनं पदर सावरला. "मंग इतकी वर्सं ही पोर चोरावानी बांधावर कशाला वाकत व्हती रे?"

 सगळ्यांना एकदम चहा आठवला. चहा पिताना काळुराम ऋतुजाजवळ आला, कपात बघत राहिला आणि म्हणाला, आता ये ती शेतात आत ये, बांधावरून नको. कापणी झालीय, पण अळी धसकटात झोपलेली असते. हरेशनंही तेच सांगितलं, थोड्या मोठ्या आवाजात, म्हणजे रोह्याकडच्यांना ऐकू जाईल असं.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. शिष्यवृत्ती संपायची ती संपलीच. ऋतुजा आता डोलवीला कंपनीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत शिफ्ट करते. सुट्टी मिळाली की धसकटं उपटायला जाते. कधी खारेपाटात, कधी रोह्याकडे. दोन्हीकडे तिला चहा मिळतो, पलीकडच्यांपेक्षा आमची अळी कशी जास्त खोडसाळ ते ऐकायला मिळतं. मग ती पेणला येते, डोळ्यांखाली काळं, चपलांना चिखल, आणि नळ्या माझ्यात ठेवते. गावाचं नाव आता कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून अळीबरोबर नळीच्या आतच टाकते. नाथा प्रत्येक नळी घेताना गावाचं नाव मोठ्यानं वाचतो, एकदा तिला ऐकू जाईल असं आणि एकदा मला. मिठाचं पोतं त्यानं घरी नेलं. तिची पदवी होईल का, ते मला सांगता येत नाही. आज माझा फक्त एक कोपरा भरलाय.

माझं वय झालं, मित्रांनो. मोटर मधेच उचक्या देते. कुणावर माझा राग नाही; राग यायला निदान शून्याच्या वर असावं लागतं. प्राचार्य पुढच्या वर्षी पाणी बचत सप्ताह करणार आहेत आणि मी बेसिनच्या शेजारी आहे. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कुठला ना कुठला मेन स्विच येईल. तो खाली ओढायच्या आधी, भाषण कितीही छान झालेलं असलं तरी, एकदा झाकण उचलून आत बघा. आत कुणीतरी आपले हंगाम ठेवलेले असतात.